चाखणं म्हणजे खाणं नव्हे

३ फेब्रुवारी

ताई,

पत्राच्या वर साष्टांग नमस्कार लिहायची रीत आहे, पण साष्टांग घालावा इतकी तू माझ्याशी बरी वागलेली नाहीस, आणि हल्ली मी खाली वाकले की उठायला खुर्ची लागते. तेव्हा नुसत्या 'ताई'वर भागव.

हे पत्र समेटाचं नाही, हे आधीच सांगते. नाहीतर पाकीट फोडल्याबरोबर तू भाऊजींना हाक मारशील, "अहो, आली बघा धाकटी वठणीवर!" मी कुठेही आलेले नाही. सहा वर्षांपूर्वी त्या लोणी-बिस्किटात मीठ बरोबर होतं. तू जास्त म्हणालीस, मी पास केलं, मालकांनी माझं ऐकलं, आणि तू हातातला पेला टेबलावर आपटून तरातरा निघालीस ती थेट दुसऱ्या गावातल्या दुसऱ्या बिस्किट कारखान्यात जाऊन बसलीस. वीस वर्षं एका खोलीत शेजारी शेजारी बसून चाखणाऱ्या सख्ख्या बहिणी, आणि चिमूटभर मिठापायी एकमेकींचं तोंड पाहीनाशा झालो. लोक निदान जमिनीवरून तरी भांडतात.

तेव्हापासून आमच्या घरात तुझं नाव काढायचं नाही, असा नियम मी केला आहे. तो आज मीच मोडतेय, कारण काम तसं आहे. फोन केला तर तू माझं 'हॅलो' ऐकून ठेवून देशील. पत्र मात्र फाडण्याआधी वाचशील. औषधाच्या खोक्यातला बारीक अक्षरांचा कागदसुद्धा तू शेवटपर्यंत वाचतेस, मला माहीत नाही का!

काम एकच. रक्त तपासून घे. लिपिड प्रोफाइल म्हणतात त्याला. रात्री जेवल्यावर काही खायचं नाही आणि सकाळी उपाशीपोटी जायचं. उपाशीपोटी म्हणजे खरोखरच उपाशीपोटी. हे मी बजावून का सांगतेय ते ऐक, आणि हसू नकोस.

गेल्या महिन्यात कारखान्यानं पन्नाशी ओलांडलेल्या सगळ्यांचं रक्त तपासायचं काढलं. मी म्हटलं, तपासा बापडे. तूच मला जन्मभर 'काडी' म्हणत आलीस. काडीच्या रक्तात काय सापडणार? रात्री पाण्याशिवाय काही घेतलं नाही. सकाळी सहाला कामावर गेले, लोणी-बिस्किटांची नवी बॅच आली होती ती तपासली, आणि साडेनऊला सुईपुढे हात धरला. दोन दिवसांनी डॉक्टरीणबाईंचा निरोप, ताबडतोब या. आपल्या लेकींच्या वयाची मुलगी आहे ती. कागद बघते, मला बघते, परत कागद बघते.

"ट्रायग्लिसराइड चारशेच्या वर? तुम्ही खरंच उपाशी होतात?"

"कडकडीत."

"सकाळपासून तोंडात काहीच घातलं नव्हतं?"

"खाल्लं काहीच नव्हतं. फक्त चाखलं."

"काय चाखलं?"

"लोणी-बिस्किटं."

"किती?"

आता तूच सांग, चाखलेलं कोणी मोजतं का? कामाला लागलो त्या पहिल्याच दिवशी आपल्याला काय शिकवलं? चाखणं म्हणजे खाणं नव्हे. चावायचं, जिभेवर फिरवायचं, पेल्यात थुंकायचं, कोमट पाण्यानं चूळ भरायची, पुढचं घ्यायचं. मी तिला सगळं समजावून सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे गिळलं नाही ना?" आणि तिथे माझी गाडी अडली. कारण पाळी गेल्यापासून माझी जीभ पूर्वीसारखी चटकन सांगत नाही. घास घशाशी गेल्याशिवाय लोण्याचा खमंगपणा कळत नाही. म्हणून मी थोडं गिळते. सगळ्यातलं थोडं थोडं. डॉक्टरीणबाईंनी बेरीज केली तर ती अर्ध्या पुड्याच्या पुढे गेली. मग टेबलावर डोकं ठेवून हसली ती. डॉक्टरांनी पेशंटसमोर इतकं हसू नये, असं माझं मत आहे.

पुन्हा रक्त दिलं, या वेळी कामावर जाण्याआधी. तो आकडा दीडशेच्या घरात उतरला. मी पर्स उचलली. ती म्हणाली, "बसा. ते उतरलं, हे नाही उतरलं." वाईट कोलेस्टेरॉल, एकशेएक्क्याऐंशी. तिथे चाखण्याचा काही संबंध नव्हता. मग तिनं विचारलं, "तुमच्या आई कशानं गेल्या?"

"ॲसिडिटीनं," मी म्हटलं.

तिनं पेन खाली ठेवलं. "ॲसिडिटीनं कोणी जात नाही हो."

ताई, आठव जरा. आईचा जबडा दुखायचा म्हणून आपण तिला दातांच्या डॉक्टरकडे नेलं आणि त्यानं एक धडधाकट दात उपटला. पाठ भरून यायची, आपण तेल चोळलं. दोन जिने चढली की धाप लागायची, आपण म्हणालो, वय झालं. एकसष्टाव्या वर्षी गेली. हे सगळं मी त्या मुलीला सांगितलं. तिनं विचारलं, "तुम्हाला बहीण आहे?"

मी म्हटलं, "होती." मग म्हटलं, "आहे. अठ्ठावन्न वर्षांची. माझ्याशी बोलत नाही."

"न बोलू दे. रक्त तपासायला सांगा," ती म्हणाली.

सांगितलं.

तुझी (नाइलाजानं) धाकटी बहीण


१९ फेब्रुवारी

ताई,

उत्तर आलं नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तुझा तर सुंभही शाबूत आहे. अगं, लांबलचक पत्र कोण मागतंय? नुसतं 'हो' लिहून टाक, म्हणजे मी समजेन की तपासून आलीस. एका अक्षरानं तुझी मान खाली जायची नाही.

तू म्हणत असशील, मला काही होत नाहीये, मी कशाला जाऊ? मलाही काही होत नव्हतं. तेच तर सांगते. डॉक्टरीणबाईंनी मला पाठकोऱ्या कागदावर चित्र काढून समजावलं. पाळी चालू असते तोवर बाईच्या अंगात इस्ट्रोजेन असतं, आणि ते लिव्हरच्या सारखं मागे लागलेलं असतं: रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल ओढ, आत घे, निकालात काढ. पाळी जाते, इस्ट्रोजेन जातं, आणि लिव्हर सुस्तावतं. मी म्हटलं, "म्हणजे सासू गावाला गेली की सून दहाला उठते, तसं?" ती म्हणाली, "अगदी तसंच. फक्त ही सासू परत येत नाही."

म्हणून खाणं तेच, वजन तेच, तरी दोन-चार वर्षांत आकडा वर सरकतो. चांगलं कोलेस्टेरॉल असतं तेही पूर्वीसारखं मन लावून काम करत नाही. बारीक-जाड असं काही त्यात नसतं. आणि घराण्यातच असेल, तर बघायलाच नको. ती म्हणाली, बायकांना वाटतं हा पुरुषांचा आजार. नवऱ्याच्या छातीत जरा दुखलं की त्याला रिक्षात घालून धावत सुटतात, आणि स्वतःचं दुखलं तर सोडा पिऊन भांडी घासायला लागतात. मला आई दिसली. ओट्याला टेकून उभी असायची बघ, एक हात जबड्यावर.

बरं, रडगाणं पुरे. परवा काय झालं ते सांगते. आपल्या चाखायच्या खोलीत पंखा नाही, खिडकी उघडायची नाही, कारण वास हलतो. तिथे मला असा काही उकाडा फुटला की कानशिलं तापली, अंगाची लाही लाही झाली. डोळ्यापुढे बिस्किटाच्या जागी नुसती वाफ. उठले आणि सरळ लोणी ठेवायच्या थंड खोलीत जाऊन दोन खोक्यांच्या मध्ये बसले, लोण्याची एक वडी कपाळाला लावून. काय सुख म्हणून सांगू! तेवढ्यात स्टोअरकीपर आत आला.

"बाई, काय करताय?"

"तपासतेय."

"डोळे मिटून?"

दुपारपर्यंत कारखानाभर झालं की चाखणाऱ्या बाई लपून लोणी खातात. संध्याकाळी मॅनेजरनं बोलावून घेतलं आणि फार मायेनं म्हणाला, "बाई, लाजायचं काय त्यात? हवं तर घरी नेत जा एखादा पुडा." कोलेस्टेरॉल एकशेएक्क्याऐंशी असलेल्या बाईला, ताई!

तेव्हा एक मनात आलं. तू कारखाना सोडलास तेव्हा बावन्नची होतीस. म्हणजे तुझाही उकाडा तेव्हाच चालू असणार. मुकाट्यानं शेजारी बसून चाखत होतीस, आणि मला पत्ता नाही. सांगायचं होतंस की गं. आणि त्या काळात जीभही जरा हलते म्हणतात, म्हणजे तुला मीठ जास्त लागलं ते का लागलं, याचा उलगडा झाला. राग येतोय ना? येऊ दे. रागानं का होईना, पण जा आणि तपासून ये.

काडी


८ मार्च

ताई,

पालथ्या घड्यावर पाणी. म्हणून मी काल भाऊजींना फोन केला. सहा वर्षांपूर्वी तुझ्याबरोबर त्यांचाही नंबर मी बंद करून टाकला होता, बिचाऱ्यांचा काही दोष नसताना. नवरा बायकोच्याच बाजूचा धरावा लागतो. काल दोघांचेही नंबर उघडले. दुकानातच होते, चष्मे घासण्याचा आवाज येत होता.

मी म्हटलं, "भाऊजी, ताईनं रक्त तपासलं का?"

"अगं काडी! तू? म्हणजे... रक्त ना... त्याचं असं आहे बघ..."

तेवढ्यात मागून तुझा आवाज, "कोणाचा फोन?" आणि भाऊजी म्हणाले, "गिऱ्हाईक आहे, काडी तुटलीय!" आणि फोन बंद. सुचलं बाकी झकास. चष्मेवाल्याला कोणीही काडीवरून विचारू शकतं. पण 'त्याचं असं आहे' म्हणजे कसं आहे? तू ऐकत नसशील, दवाखान्याचं नाव काढलं की त्यांच्यावर ओरडत असशील, असंच ना? ताई, तुझं वय अठ्ठावन्न. आई एकसष्टची होती. मला जास्त लिहायला लावू नकोस.

इकडे माझी रोजची गोळी सुरू झाली आहे, रात्री झोपताना. शिवाय चालायचं, आणि तळलेलं बंद. मी म्हटलं, घरात दोघंच, यांना वेगळं कशाला? दोघांनाही उकडलेलंच. तीन आठवडे हे मुकाट्यानं जेवले. तुला माहीतच आहे यांचा स्वभाव; लिफ्ट तपासनीस माणूस, नियम म्हणजे नियम. पाटीवर 'सहा माणसे' लिहिलं असेल आणि सातवं लहान मूल शिरलं तरी हे स्वतः उतरून जिन्यानं जातात. मग मी यांचंही रक्त तपासून आणलं. एकसष्ट वर्षांचा माणूस, पस्तिशीपासून रोज माझी फसलेली बिस्किटं संपवणारा, आणि त्याचा आकडा शाळकरी मुलासारखा! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काकांचं उत्तम आहे, काकांना हवं ते खाऊ दे." तेव्हापासून हे माझ्यासमोर बसून तळलेलं खातात आणि वर म्हणतात, "डॉक्टरांनी सांगितलंय." देवाच्या दरबारात न्याय नाही.

पाळ्या आपण काढल्या, पोरं आपण काढली, उकाडा आपण काढला, आणि आता रक्तही आपलंच बिघडणार. तुझ्याशिवाय हे मी कोणाला म्हणणार होते?

तपास गं बाई.

धाकटी


२२ मार्च

ताई,

विनवणी झाली, शिव्या झाल्या. आता सरळ पैज.

तू एका गोष्टीसाठी काहीही करतेस: मला हरवण्यासाठी. शाळेत मी धावण्यात पहिली आले म्हणून तू ताप असताना लांब उडी मारायला गेलीस आणि वाळूत झोपलीस. तर ऐक. माझं वाईट कोलेस्टेरॉल एकशेएक्क्याऐंशी. तुझं याच्या वर आहे, असं मी छातीठोक सांगते. का? एक तर तू मोठी. दुसरं, तू जन्मजात हट्टी, आणि हट्ट कुठेतरी साचतच असणार. तिसरं, तुमच्या कारखान्यात लोणी जरा जास्तच घालतात. आणून चाखलंय मी, चोरून.

तुझा आकडा माझ्यापेक्षा कमी निघाला, तर मी माझ्या हातानं लिहून देईन की त्या बॅचमध्ये मीठ जास्त होतं. खाली सही. हवं तर मालकांना दाखव. जास्त निघाला तर तू काहीही लिहून द्यायचं नाही. मुकाट्यानं डॉक्टरकडे जायचं आणि ते देतील ती गोळी घ्यायची. दोन्हीकडून तुझाच फायदा. अशी पैज कोणी शहाणं माणूस लावत नाही, पण माझी अक्कल पाळीबरोबरच गेली म्हण हवं तर.

भित्री कुठली! आता बघू या येतेस का पुढे.

काडी


२ एप्रिल

ताई,

काल संध्याकाळी फोन वाजला. मी भाजी चिरत होते, ओल्या हातानं उचलला. "हॅलो?" आणि मग तू.

"सत्त्याण्णव."

आणि खट्कन फोन ठेवलास!

सहा वर्षांनी सख्ख्या बहिणीनं फोन केला, आणि एक आकडा तोंडावर फेकून ठेवून दिला. धन्य आहेस. मी ओट्यापाशी उभी राहून आधी पोट धरून हसले, मग हसता हसता मला रडू फुटलं. हे धावत आले, म्हणाले, "काय झालं? कापलं का?" मी म्हटलं, "सत्त्याण्णव!" हे म्हणाले, "काय सत्त्याण्णव? किलो?" यांना सगळं लिफ्टमध्येच दिसतं.

ताई, हरले मी. हरून इतका आनंद मला जन्मात झाला नव्हता. रात्री दोन महिन्यांनी शांत झोप लागली. तू ठीक आहेस. आईसारखं तुझं काही नाही. तर शब्दाला जागून लिहून देते: त्या बॅचमध्ये मीठ जास्त होतं.

खाली सही,
तुझी धाकटी


३ एप्रिल

ताई,

काल हरल्याचं पत्र लिहिलं होतं, ते पेटीत टाकायचं राहिलं ही देवाची कृपा. मीठ बरोबर होतं! लबाड कुठची!

आज सकाळी चूळ भरता भरता माझ्या डोक्यात आलं. एकाच आईच्या दोघी, तू पाच वर्षांनी मोठी, तुझी पाळी माझ्याआधी गेलेली, सव्वीस वर्षं तूही लोणीच चाखतेयस, आणि तुझं सत्त्याण्णव? कसं शक्य आहे? भाऊजींना फोन लावला. म्हटलं, खरं सांगा, नाहीतर दुकानात येऊन सगळ्या चष्म्यांच्या काड्या मोडीन. आणि त्यांनी सांगितलं.

तीन वर्षं झाली, तू गोळी घेतेयस! आणि नुसती गोळी नाही. तीन वर्षांपूर्वी तुझा जबडा दुखायला लागला. भाऊजी म्हणाले, दात दाखवू या. तू म्हणालीस, "दात नाही हा. आईचंही असंच होतं." आणि स्वतःच्या पायानं मोठ्या दवाखान्यात गेलीस. हृदयाची एक नळी अर्ध्याहून जास्त बंद निघाली. वेळेवर सापडली म्हणून आज तू मला आकडे ऐकवतेयस.

माझी ताई दवाखान्यात होती आणि मी इकडे बिस्किटं पास करत बसले होते. ताई, हे वाचताना तुला माझा आवाज ऐकू येत असेल तर कानावर हात ठेव, कारण मी ओरडतेय. मला का नाही सांगितलंस? चिमूटभर मीठ आपल्या जिवापेक्षा मोठं झालं? तू गेली असतीस तर मी कोणाशी अबोला धरला असता?

हे सगळं मी फोनवर भाऊजींना सुनावलं. ते बिचारे ऐकून घेत राहिले, आणि मग हळूच म्हणाले, "अगं, पण तिनं सांगितलं होतं की. खाटेवर पडल्या पडल्या पहिलं वाक्य तेच. 'काडीला कळवा, तिचंही रक्त आईचंच आहे, तिला तपासायला लावा.' तुझा नंबर मला लागेना, म्हणून मी तुझ्या यजमानांना ऑफिसात फोन केला. ते 'बरं' म्हणाले."

मी फोन ठेवला. हे समोर बसून तळलेलं खात होते.

"तीन वर्षांपूर्वी भाऊजींचा फोन आला होता?"

"आला होता," हे म्हणाले. शांतपणे. माणूस खोटं बोलत नाही, हीच तर पंचाईत आहे.

"मग मला का नाही सांगितलं?"

"या घरात तिचं नाव काढायचं नाही, असा तुझा नियम आहे."

"अहो, नाव न काढता सांगायचं! 'रक्त तपासून घे' एवढं म्हणायचं!"

"म्हटलं की. त्याच संध्याकाळी म्हटलं. तू विचारलंस, 'का? कोणी सांगितलं?' आता खोटं मी बोलत नाही, आणि नाव घ्यायचं नाही. मग काय करणार? गप्प बसलो."

आणि मला आठवलं. खरंच म्हणाले होते, आणि मी म्हटलं होतं, "काडीला काय धाड भरलीय?"

मी यांच्यावर चिडायला तोंड उघडलं आणि चिडताच येईना. तीन वर्षं माझा माणूस माझा नियम पाळत बसला होता, माझ्या जिवावर बेतेपर्यंत. मी खाली बसले. हे पहिल्यांदाच ताटावरून उठून आले आणि म्हणाले, "नियम बदलायचा का?" मी म्हटलं, "बदला." तेव्हापासून हे उठता बसता 'ताई, ताई' करतायत. मघाशी आरशासमोर दाढी करतानासुद्धा. साठलं होतं वाटतं.

ताई, मला तुझा खूप राग आलाय, आणि मी तुझ्यावर खूप प्रेम करते, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे काय लिहावं कळत नाही. तू मला वाचवायला निघालीस खाटेवरून, आणि मी तुला वाचवायला निघाले तीन वर्षं उशिरा. पैज मात्र रद्द. गोळी घेऊन पळालेल्या माणसाचा नंबर धरत नाहीत.

रात्री फोन कर. आकडा नको. नुसतं बोल.

काडी


१९ एप्रिल

ताई,

रोज फोन होतोय तरी पत्र का, म्हणशील. कारण जे लिहायचंय ते फोनवर बोलले तर माझी लेक ऐकते, आणि तिकडे तुझी.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घराण्यात असं आहे, तर लेकींचंही एकदा तपासून ठेवा. आत्ता कळलं तर पुढची तीस वर्षं सोपी जातील. मी माझीला सांगितलं. ती म्हणाली, "आई, ते तुमच्या वयाचं असतं." तू तुझीला सांगितलंस, ती म्हणाली, "बघू." आपल्या आईचं कोण ऐकतं? आपण कुठे ऐकत होतो? म्हणून मी काल तुझ्या लेकीला फोन केला.

ती लगेच म्हणाली, "मावशी, आईनं सांगायला लावलं ना?"

मी म्हटलं, "तुझी आई? त्या बाईनं मला सांगायचं आणि मी ऐकायचं? अगं, सहा वर्षं मी तिचं तोंड पाहिलेलं नाही. हे मी माझ्या जिवाला लागलं म्हणून तुला सांगतेय. तुझ्या आईला कळवूसुद्धा नकोस."

आज सकाळी ती जाऊन रक्त देऊन आली, ताई! उपाशीपोटी, खरोखरच्या. मला निरोप आलाय, "मावशी, दिलं. आईला बोलू नका."

आता माझीचं तू बघ. तिच्याशी अशीच बोल, माझ्याबद्दल चार वाईट शब्द घालून. ते तुला जड जाणार नाही. दोघींचे रिपोर्ट हातात येईपर्यंत आपण भांडलेल्याच राहायचं, त्यांच्यासमोर तरी.

रविवारी येते आहे. पोरीला बरोबर आणतेय. तिला सांगितलंय की भाऊजींच्या दुकानात चष्मा करायला जातोय आणि तुझ्या घरी पाऊल ठेवणार नाही. मग भाऊजी आग्रह करतील, आणि मी नाक मुरडत वर येईन. यांना घरीच ठेवतेय, हे खोटं बोलत नाहीत.

तू दार उघडलंस की आधी मला दोन-चार सणसणीत ऐकव, पोरींना ऐकू जाईल असं. मीही ऐकवीन. मग त्या आत गेल्या की मला जवळ घे. पण ताई, भांडण लवकर आटप. दारात तुला उभी बघितल्यावर मला फार वेळ भांडता येणार नाही. मी रडेन आणि सगळं उघडं पडेल.

तुझी,
काडी